वेबवरील व्हिडिओ: विंडोज, लिनक्स, मॅक आणि निरनिराळे ब्राउझर यांची तुलना करताना नेमके काय तपासायचे?

यंत्रवेध (धागाकर्ता)

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला आणि तेव्हापासून जुने लॅपटॉप लिनक्सवर नेण्याचे काम नातेवाईक, शेजारी आणि ओळखीपाळखीच्या लोकांकडून माझ्याकडे येऊ लागले आहे. विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचे, पण एसएसडी बसवल्यामुळे आजही व्यवस्थित चालणारे लॅपटॉप घरोघरी आहेत. त्यांवर लिनक्स मिंट बसवले की कागदपत्रे, ईमेल, बँकेची कामे सगळे सुरळीत होते आणि थोड्याच दिवसांत ठरलेली तक्रार येते, ती म्हणजे यूट्यूब आधी नीट चालत होते, आता अडखळते आणि पंखा सारखा फिरत राहतो. मग कोणी ब्राउझर बदलायला सांगतो, कोणी लिनक्सच वाईट म्हणतो आणि कोणी नवा लॅपटॉप घ्यायला लावतो. चांगले यंत्र केवळ चुकीच्या निदानामुळे भंगारात जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते आणि म्हणून हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की ‘कोणत्या ब्राउझरमध्ये व्हिडिओ चांगला चालतो’ हा प्रश्न अपुरा आहे. संकेतस्थळाने कोणत्या कोडेकमधला (कोडेक म्हणजे व्हिडिओ आवळून लहान करण्याची आणि पुन्हा उलगडण्याची पद्धत) व्हिडिओ पाठवला, तो प्रोसेसरने उलगडला की ग्राफिक्स चिपमधल्या खास विभागाने, आणि उलगडलेले चित्र पडद्यापर्यंत कोणत्या मार्गाने गेले, या तीन गोष्टी माहीत असल्याशिवाय केलेली कोणतीही तुलना फसवी ठरते.

फ्लॅशच्या काळात हा गुंता एका अर्थाने सोपा होता. २००५ मध्ये यूट्यूब सुरू झाले तेव्हा ब्राउझर कोणताही असो, व्हिडिओ दाखवण्याचे काम अडोबीचे, त्याआधी मॅक्रोमीडियाचे, एकच प्लगइन करीत असे. ते विंडोजवर बरे चालायचे आणि लिनक्सवर रडतखडत, पण दोष कोणाला द्यायचा हे सर्वांना ठाऊक होते. एचटीएमएल ५ मधील व्हिडिओ टॅगमुळे प्लगइनची गरज संपली, परंतु कोडेक कोणता असावा यावर ब्राउझर बनवणाऱ्यांचे एकमत झाले नाही. मोझिला आणि ऑपेरा यांना पेटंटमुक्त थिओरा हवा होता, तर अॅपलला एच.२६४. अखेर २००९ मध्ये प्रमाणकाचे संपादक इयन हिक्सन यांनी कोडेकविषयीची अटच मसुद्यातून काढून टाकली. व्हिडिओ दाखवा, पण कोणत्या स्वरूपातला ते तुमचे तुम्ही ठरवा, अशी ही स्थिती आजही कायम आहे. एकाच यंत्रावर दोन ब्राउझर निराळे का वागतात, याचे मूळ मला त्या निर्णयात दिसते.

आता प्रत्यक्ष साखळीकडे येऊ. यूट्यूबसारखे संकेतस्थळ आधी ब्राउझरला विचारते की तुला कोणकोणते कोडेक चालतात. क्रोम आणि फायरफॉक्स एव्ही१, व्हीपी९ आणि एच.२६४ या तिन्हींना होकार देतात. तो होकार म्हणजे ‘मला हे कसेतरी उलगडता येईल’ एवढेच असते. ‘माझ्या चिपला हे सहज झेपेल’ असा त्याचा अर्थ होतोच असे नाही. त्यामुळे संकेतस्थळ आपल्या सोयीचा, म्हणजे कमी बँडविड्थ खाणारा कोडेक पाठवते आणि जुन्या यंत्राच्या माथी सगळा भार येतो. काय आले आहे ते पाहणे फार सोपे आहे. यूट्यूबच्या व्हिडिओवर माऊसचे उजवे बटण दाबून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. तेथे ‘कोडेक्स’पुढे एव्ही०१, व्हीपी०९ किंवा एव्हीसी१ यांपैकी एक दिसेल (एव्हीसी१ म्हणजे एच.२६४) आणि किती फ्रेम (व्हिडिओतली एकेक चित्रे) गळल्या तो आकडाही दिसेल.

दुसरी कडी हार्डवेअरची आहे. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या चिपमध्ये एच.२६४ आणि आठ बिटांच्या एचईव्हीसीसाठी (एचईव्हीसी म्हणजे एच.२६५) स्वतंत्र विभाग आहे, व्हीपी९ साठी पूर्ण विभाग सातव्या पिढीत आला आणि एव्ही१ साठी थेट अकराव्या पिढीत, म्हणजे २०२० मध्ये. तो विभाग असला तरी ब्राउझरला त्याच्यापर्यंत पोहोचावे लागते. विंडोजवर हा दरवाजा डायरेक्टएक्समधून आहे आणि मॅकवर व्हिडिओटूलबॉक्समधून. दोन्हीकडे प्रत्येकी एकच दरवाजा असल्याने ब्राउझरवाल्यांचे काम सोपे होते. लिनक्सवर इंटेल व एएमडीसाठी व्हीए-एपीआय, एनव्हीडियासाठी आधी व्हीडीपीएयू आणि नंतर एनव्हीडेक अशी फाटाफूट होती, शिवाय ड्रायव्हरच्या दर्जाची खात्री नसल्यामुळे ब्राउझर ही सोय बराच काळ मुळातच बंद ठेवत असत. फायरफॉक्समध्ये वेलँड या लिनक्सच्या नव्या पडदा-प्रणालीवर व्हीए-एपीआय २०२० च्या एप्रिलमध्ये ७५ व्या आवृत्तीत आले, पण वापरणाऱ्याने काहीही न करता इंटेलच्या चिपवर ते चालू राहावे ही सोय जुलै २०२३ च्या ११५ व्या आवृत्तीत झाली. यापूर्वीची लिनक्सविषयीची जी मते आंतरजालावर सापडतात, ती या एका कारणासाठी आज जशीच्या तशी ग्राह्य धरू नयेत.

एक उदाहरण जवळून पाहू. सहाव्या पिढीच्या आय-५ लॅपटॉपवर विंडोज १० आणि लिनक्स मिंट शेजारी शेजारी आहेत, १०८० पिक्सेल आणि सेकंदाला ६० फ्रेमचा तोच व्हिडिओ दोन्हीकडे लावला आहे आणि दोन्हीकडे व्हीपी९ आला आहे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या भागात ग्राफिक्सचे आलेख उघडले तर ग्राफिक्स चिप कामाला लागलेली दिसते, कारण या पिढ्यांसाठी इंटेलच्या विंडोज ड्रायव्हरने व्हीपी९ चे काही काम चिपच्या सर्वसाधारण गणनाविभागांकडून करून घेण्याची मिश्र सोय दिली होती. लिनक्सच्या नेहमीच्या ड्रायव्हरमध्ये ती सोय नाही. टर्मिनलमध्ये व्हीएइन्फो ही आज्ञा दिली की चिपला येणाऱ्या कोडेकची यादी मिळते आणि या पिढीत त्या यादीत व्हीपी९ नसते. म्हणजे सारा भार प्रोसेसरवर पडतो आणि पंखा फिरू लागतो. याच लॅपटॉपवर, याच लिनक्सवर, याच ब्राउझरमध्ये एच२६४आयफाय हे छोटे एक्स्टेन्शन बसवले, की यूट्यूबला ‘मला फक्त एच.२६४ चालते’ असे उत्तर जाते आणि चित्र पालटते. इंटेल_जीपीयू_टॉप या साधनात ‘व्हिडिओ’ची पट्टी हलू लागते आणि प्रोसेसर निवांत होतो. येथे ना ब्राउझर बदलला, ना ऑपरेटिंग सिस्टीम. बदलला तो फक्त कोडेक.

तिसरी कडी सहसा कोणी पाहत नाही. १०८० पिक्सेलची उलगडलेली एक फ्रेम, रंगांची माहिती निम्म्या घनतेने ठेवली तरी, सुमारे ३१ लाख बाइट्सची असते. सेकंदाला ६० म्हणजे जवळपास १८७ मेगाबाइट, आणि ४के असेल तर त्याच्या चौपट. चिपने उलगडलेली फ्रेम ग्राफिक्सच्याच मेमरीत राहून थेट पडद्यावर गेली तर ही वाहतूक जाणवत नाही. परंतु ब्राउझरने ती मुख्य मेमरीत उतरवून घेऊन पुन्हा ग्राफिक्सकडे पाठवली, तर हार्डवेअर डिकोडिंग (चिपच्या खास विभागाकडून उलगडणे) चालू असूनही बॅटरी झरझर उतरते. फायरफॉक्सला वेलँडवर ही प्रत टाळणे आधी जमले, एक्स११ या जुन्या पडदा-प्रणालीवर थोडे नंतर.

या धाग्यात आपला अनुभव लिहिताना कृपया प्रोसेसरची पिढी, ऑपरेटिंग सिस्टीम, ब्राउझरची आवृत्ती आणि ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’मधला कोडेक एवढे अवश्य द्यावे. त्याशिवाय तुलना होऊ शकणार नाही.

मधुमालती

लेख अतिशय उपयुक्त आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि आमच्या प्रयोगशाळेत उबुंटू आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पातील मराठी ध्वनिफितींसह असलेले पाठ आम्ही फार पूर्वी उतरवून प्रयोगशाळेच्या सर्व्हरवर ठेवले आहेत आणि विद्यार्थी ते ब्राउझरमधून पाहतात. या फायली ओजीव्ही प्रकारच्या आहेत. पूर्वी त्या क्रोममध्ये आणि फायरफॉक्समध्ये दोन्हीकडे चालत असत. संगणक अद्ययावत केल्यानंतर मात्र आवाज ऐकू येतो आणि चित्र दिसत नाही, किंवा फाइल उघडतच नाही. व्हीएलसीमध्ये त्याच फायली उत्तम चालतात. त्या खराब झाल्या असतील तर व्हीएलसीमध्ये कशा चालल्या असत्या, हे मला कळत नाही. यावर उपाय आहे का?

यंत्रवेध (धागाकर्ता)

मधुमालती, आपल्या फायली पूर्णपणे शाबूत आहेत. त्यांच्यातील चित्राचा कोडेक थिओरा आहे आणि तोच आता ब्राउझरमधून गेला आहे. २००९ च्या जूनमध्ये फायरफॉक्स ३.५ आला तेव्हा थिओरा हीच मुक्त व्हिडिओची आशा होती. पेटंटचे शुल्क नको, कोणाची परवानगी नको, या विचाराने ज्या शैक्षणिक प्रकल्पांनी तो निवडला त्यांची निवड त्या काळात योग्यच होती. पुढे २०१० मध्ये गूगलने ऑन२ ही कंपनी विकत घेऊन व्हीपी८ खुला केला, २०१३ मध्ये व्हीपी९ आला आणि थिओराचा वापर आटत गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये क्रोमच्या चमूने थिओरा काढून टाकण्याचे जाहीर केले. क्वचित वापरल्या जाणाऱ्या जुन्या डिकोडरमध्ये (उलगडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) सुरक्षेची भोके सापडण्याचा धोका त्याच्या उपयोगापेक्षा मोठा आहे, असे त्यांचे कारण होते. २०२४ मध्ये तो गेला आणि फायरफॉक्सनेही तीच वाट धरली. ओग या वेष्टनाला (चित्र आणि आवाज एकत्र ठेवणाऱ्या फाइलच्या स्वरूपाला) आणि त्यातील व्हॉर्बिस व ओपस या आवाजाच्या कोडेकना ब्राउझरचा पाठिंबा कायम आहे. आपल्याला आवाज येतो आणि चित्र येत नाही, तो त्याचाच परिणाम आहे.

व्हीएलसी स्वतःचे डिकोडर स्वतःजवळ बाळगतो आणि जुने काढून टाकण्याची त्याला घाई नसते, त्यामुळे त्यात सर्व काही चालते. प्रयोगशाळेसाठी या फायली हँडब्रेक किंवा एफएफएमपेग ही रूपांतराची साधने वापरून एकदाच नव्या कोडेकमध्ये बदलून घ्याव्यात. मूळ ओजीव्ही फायली मात्र पुसू नका. प्रत्येक रूपांतरात चित्राची थोडी हानी होते आणि उद्या पुन्हा कोडेक बदलावा लागला तर सुरुवात मुळापासूनच झालेली बरी.

सह्यकडा

धागाकर्त्यांनी लिनक्स म्हणून जे एकच नाव घेतले आहे, त्यात वितरणावितरणांत (लिनक्सच्या मिंट, उबुंटू, फेडोरा अशा तयार आवृत्त्यांत) मोठा फरक आहे हे नोंदवणे आवश्यक वाटते. लिनक्स मिंट बसवताना मल्टीमीडिया कोडेकसाठी एक चौकट येते आणि तिच्यावर खूण केली की काम संपते. उबुंटूमध्येही त्रयस्थ सॉफ्टवेअरविषयीची अशीच चौकट आहे. फेडोराची गोष्ट निराळी आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये फेडोराने मेसा या ग्राफिक्स ग्रंथालयातून एच.२६४ आणि एच.२६५ यांचे हार्डवेअर डिकोडिंग काढून टाकले, आणि तेही पेटंटच्या भीतीने. त्यामुळे एएमडीची चिप असलेल्यांना असा अनुभव येऊ लागला की चिपमध्ये विभाग आहे, ड्रायव्हरही चांगला आहे, तरीही व्हीएइन्फोच्या यादीत एच.२६४ दिसत नाही. आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या भांडारातून मेसाचे ‘फ्रीवर्ल्ड’ नावाचे पॅकेज घेतले की ती ओळ परत येते. इंटेलचा ड्रायव्हर मेसाबाहेरचा असल्याने त्याची वाट आणखी वेगळी आहे.

आपल्याकडील वाचकांना हे विचित्र वाटेल, कारण भारतीय पेटंट कायद्याचे कलम ३(के) निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट देत नाही. परंतु फेडोराच्या पाठीशी रेड हॅट ही अमेरिकी कंपनी उभी आहे आणि तिला तिथल्या कायद्याचा विचार करावा लागतो. त्याचा परिणाम नाशिकमध्ये बसलेल्या माणसाच्या लॅपटॉपवरही होतो.

आणखी एक गोष्ट. स्नॅप किंवा फ्लॅटपॅक या बंदिस्त स्वरूपात ब्राउझर घेतला असेल तर तो मुख्य सिस्टीममधले ड्रायव्हर आणि कोडेक पाहू शकतोच असे नाही. फ्लॅटपॅकमध्ये कोडेकची पुरवणी स्वतंत्र असते. टर्मिनलमध्ये सर्व काही ठीक दिसते आणि ब्राउझरमध्ये मात्र हार्डवेअर डिकोडिंग नाही, असे झाल्यास आधी ब्राउझर कोणत्या मार्गाने बसवला ते पाहावे.

राईनकाठ

मी जर्मनीत राहतो. येथील नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल म्हणून विंडोजचीच एक भानगड लिहितो. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध दिलेल्या निर्णयामुळे विंडोज मीडिया प्लेयर नसलेली आवृत्ती विकणे त्या कंपनीला भाग पडले आणि ‘एन’ हे अक्षर लावलेल्या विंडोजच्या आवृत्त्या आजही मिळतात. विद्यापीठांतून किंवा स्वस्तात मिळालेल्या परवान्यांत त्या हमखास आढळतात. त्यांत केवळ प्लेयरच नसतो असे नाही, तर मीडिया फाउंडेशन हा व्हिडिओ आणि आवाज उलगडणारा पायाभूत भागही नसतो.

आता गंमत अशी की क्रोम एच.२६४ चा डिकोडर स्वतःबरोबर आणतो, त्यामुळे ‘एन’ आवृत्तीवरही तो चालतो. फायरफॉक्स मात्र विंडोजवर एच.२६४ आणि एएसी (आवाजाचा कोडेक) यांसाठी सिस्टीमवर विसंबून आहे, त्यामुळे बऱ्याच संकेतस्थळांवर व्हिडिओच्या जागी काळी चौकट दिसते. यूट्यूब चालते, कारण व्हीपी९ आणि एव्ही१ चे डिकोडर फायरफॉक्सच्या पोटात आहेत. ‘यूट्यूब चालते, पण वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरचे व्हिडिओ चालत नाहीत’ अशी तक्रार आली की मी आधी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘एन’ हे अक्षर शोधतो. ऐच्छिक सुविधांमधून मीडिया फीचर पॅक बसवून संगणक पुन्हा सुरू केला की प्रश्न सुटतो.

उत्तररात्र

मॅकविषयी कोणीच लिहिले नाही म्हणून लिहिते. येथे तुलना ब्राउझरची नसून अॅपलने कोणत्या कोडेकला कधी दार उघडले याची आहे. सफारीमध्ये व्हीपी९ हा २०२० च्या बिग सर या मॅकओएसच्या आवृत्तीपर्यंत नव्हताच. यूट्यूब एच.२६४ फक्त १०८० पिक्सेलपर्यंत देते आणि त्यापुढचे सारे व्हीपी९ किंवा एव्ही१ मध्ये असते. त्यामुळे ४के पडद्याच्या महागड्या आयमॅकवर सफारीतून १०८० च्या वर जाता येत नव्हते आणि शेजारच्या क्रोममध्ये जाता येत होते. एव्ही१ बाबत सफारीचे धोरण धागाकर्त्यांना आवडेल असे आहे. २०२३ च्या सफारी १७ मध्ये एव्ही१ आला, पण ज्या चिपमध्ये त्यासाठी हार्डवेअर आहे तेथेच, म्हणजे एम३ चे मॅक, आयफोन १५ प्रो आणि त्यांच्यानंतरची यंत्रे. इतर यंत्रांवर सफारी एव्ही१ ला सरळ नकार देते, त्यामुळे जुन्या मॅकबुकची बॅटरी सफारीत अधिक टिकते. ब्राउझरने क्षमतेचे खरे उत्तर दिले की काय होते, त्याचे हे उदाहरण आहे.

आयफोनवर तर क्रोम आणि फायरफॉक्स ही नावे वेगळी असली तरी आतले इंजिन सफारीचे वेबकिटच असते. मार्च २०२४ मध्ये आयओएस १७.४ पासून आधी युरोपीय संघात अन्य इंजिनांना परवानगी मिळाली, पण भारतात ती नाही. त्यामुळे भारतात आयफोनवर ब्राउझर बदलून व्हिडिओ सुधारेल अशी अपेक्षा ठेवू नये.

पाणवठा

माझा प्रश्न पैसे भरून पाहायच्या चित्रपटांबद्दल आहे. माझ्याकडे अकराव्या पिढीचा लॅपटॉप आहे, फायरफॉक्समध्ये हार्डवेअर डिकोडिंग चालू आहे आणि यूट्यूबवर ४के विनासायास चालते. परंतु ज्या सेवेची मी सर्वांत महागडी वर्गणी भरतो, ती लिनक्सवर चित्र धूसर दाखवते. त्याच लॅपटॉपवर विंडोजमध्ये एज उघडला की तेच चित्र स्वच्छ दिसते. कोडेकची साखळी तर दोन्हीकडे पूर्ण आहे. मग असे का व्हावे?

यंत्रवेध (धागाकर्ता)

पाणवठा, तुमच्या बाबतीत अडसर कुलपाचा, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या कूटबद्धतेचा आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये वेबची प्रमाणके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने एन्क्रिप्टेड मीडिया एक्स्टेन्शन्स हे प्रमाणक मंजूर केले आणि त्याच्या निषेधार्थ डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने डब्ल्यू३सीचे सदस्यत्व सोडले. या प्रमाणकाने ब्राउझर आणि कुलूप यांच्यातला सांधा ठरवला, पण कुलूप प्रत्येकाचे निराळे राहिले. गूगलचे वाइडवाइन, मायक्रोसॉफ्टचे प्लेरेडी आणि अॅपलचे फेअरप्ले ही ती तीन कुलपे आहेत. वाइडवाइनमध्ये स्तर आहेत. एल१ मध्ये किल्ली आणि उलगडलेले चित्र दोन्ही हार्डवेअरच्या सुरक्षित भागाबाहेर येत नाहीत, तर एल३ मध्ये सर्व काम साध्या सॉफ्टवेअरमध्ये होते. डेस्कटॉप लिनक्सवर ब्राउझरला एल३ मिळते. चित्रपटांचे हक्क असलेल्यांना एल३ वर भरवसा नसल्यामुळे सेवा तेथे कमी पिक्सेलची आवृत्ती पाठवतात. विंडोजवरील एजमध्ये हार्डवेअरवर आधारित प्लेरेडी चालते आणि मॅकवरील सफारीत फेअरप्ले, म्हणून तेथे वरचा दर्जा मिळतो. अँड्रॉइड फोनवरही हेच आहे. एल१ चे प्रमाणपत्र नसलेला फोन कितीही चांगल्या पडद्याचा असला तरी त्यावर अशा सेवा एसडी, म्हणजे कमी पिक्सेलचा, दर्जाच देतात, त्यामुळे फोन विकत घेण्यापूर्वी ही माहिती अवश्य पाहावी.

ही मर्यादा लिनक्सची तांत्रिक कमतरता नाही आणि कोणत्याही सेटिंगने ती हटणार नाही. पूर्ण दराची वर्गणी घेऊन अर्धे चित्र द्यायचे आणि वर्गणी घेताना ते ठळकपणे सांगायचे नाही, हे मला अन्यायाचे वाटते. ग्राहकाने ही विचारणा सेवेकडेच करायला हवी.

सह्यकडा

धागाकर्त्यांच्या मूळ लेखातील एका सल्ल्याशी मी सहमत नाही. एच२६४आयफाय सर्रास बसवायला सांगणे म्हणजे यंत्राचा भार उचलून नेटवर्कवर टाकणे होय. तेवढ्याच दर्जाच्या चित्रासाठी एच.२६४ ला व्हीपी९ पेक्षा आणि एव्ही१ पेक्षा लक्षणीय जास्त डेटा लागतो. ज्यांच्या घरी फायबर आले आहे त्यांना याचे काही वाटणार नाही. परंतु माझ्या गावी, सह्याद्रीच्या आतल्या बाजूला, लॅपटॉपला मोबाइलच्या हॉटस्पॉटवरूनच नेट मिळते आणि पावसाळ्यात तेही कसेबसे. तेथे एच.२६४ लादले तर फ्रेम गळणार नाहीत हे खरे, पण व्हिडिओ दर अर्ध्या मिनिटाला थांबून गोल फिरत राहील. अडखळण्याचे हे कारण तुमच्या तीन कड्यांत आलेच नाही.

शिवाय सॉफ्टवेअर डिकोडिंग म्हणजे वाईटच, असा ग्रह होता कामा नये. व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या मंडळींनी लिहिलेला डेव्ह१डी हा एव्ही१ चा डिकोडर हाताने लिहिलेल्या असेंब्लीच्या, म्हणजे प्रोसेसरच्या थेट भाषेतल्या कोडच्या, बळावर इतका वेगवान झाला आहे की जुन्या यंत्रांवरही मध्यम पिक्सेलचे व्हिडिओ तो सहज चालवतो. फायरफॉक्सने मे २०१९ मध्ये ६७ व्या आवृत्तीत तो मुख्य डिकोडर म्हणून घेतला.

यंत्रवेध (धागाकर्ता)

सह्यकडा यांचा मुद्दा रास्त आहे आणि नेटवर्कची कडी या साखळीत सर्वांत आधी यायला हवी. आकड्यांत सांगायचे तर ४८० पिक्सेलच्या फ्रेममध्ये १०८० च्या फ्रेमच्या साधारण पाचवा भागच ठिपके असतात आणि बहुतेक व्याख्याने सेकंदाला २५ किंवा ३० फ्रेमचीच असतात. ६० फ्रेमच्या १०८० व्हिडिओशी तुलना केली तर काम दहाव्या हिश्शावर येते आणि तेवढे एव्ही१ चे काम चार गाभ्यांचा (कोअरचा) जुना प्रोसेसर डेव्ह१डीच्या साहाय्याने आरामात करतो. म्हणून हॉटस्पॉटवर व्याख्यान ऐकणाऱ्याने एक्स्टेन्शन बंद ठेवून ४८० मध्ये एव्ही१ घ्यावा. फायबर असलेल्या घरात, मोठ्या पडद्यावर आणि सातव्या पिढीच्या आधीच्या यंत्रावर ते चालू ठेवावे. सातव्या ते दहाव्या पिढीत मात्र एच.२६४ पर्यंत मागे जाण्याचे काही कारण नाही. तेथे व्हीपी९ चे हार्डवेअर आहे, अडथळा फक्त एव्ही१ चा आहे. फायरफॉक्सच्या अबाउट:कॉन्फिग या सेटिंगच्या पानावर मीडिया.एव्ही१.एनेबल्ड हे मूल्य फॉल्स केले की यूट्यूब व्हीपी९ पाठवू लागते आणि चिप ते उचलते. डेटाही वाचतो आणि पंखाही शांत राहतो.

पाणवठा यांच्यासारखा अकराव्या पिढीचा लॅपटॉप असेल तर यातले काहीही करू नये. तेथे तिन्ही कोडेकचे हार्डवेअर आहे आणि फेरफार केल्याने नुकसानच होईल.

राईनकाठ

एचईव्हीसीचा उल्लेख केवळ ओझरता आला म्हणून थोडक्यात भर घालतो. आयफोनवर काढलेले व्हिडिओ बहुधा याच स्वरूपात असतात आणि घरच्या मंडळींनी पाठवलेला दुवा ब्राउझरमध्ये उघडत नाही, असे अनेकदा होते. क्रोममध्ये ऑक्टोबर २०२२ च्या १०७ व्या आवृत्तीपासून एचईव्हीसी चालते, पण हार्डवेअर असेल तरच. फायरफॉक्सने हा पाठिंबा विंडोजवर जानेवारी २०२५ च्या १३४ व्या आवृत्तीत दिला आणि मॅक व लिनक्सवर त्यानंतर लगेचच्या आवृत्त्यांत. विंडोजवर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधले एचईव्हीसी एक्स्टेन्शन लागू शकते आणि ते विकत घ्यावे लागते. पेटंटधारकांचे गट एकाहून अधिक असल्यामुळे वेबवर हा कोडेक कधी रुजलाच नाही आणि २०१५ मध्ये अलायन्स फॉर ओपन मीडिया स्थापन होऊन एव्ही१ तयार होण्यामागे हे एक मोठे कारण होते.

मधुमालती

यंत्रवेध यांच्या सांगण्याप्रमाणे हँडब्रेक वापरून पाहिले आणि एक पाठ एमपी४ मध्ये बदलला. चित्र पूर्ववत दिसू लागले. आता सर्व पाठ बदलण्यापूर्वी दोन शंका आहेत. एच.२६४ घ्यावा की व्हीपी९? आमच्या प्रयोगशाळेत निरनिराळ्या वर्षांचे संगणक आहेत. दुसरी शंका अशी की बदललेला पाठ सर्व्हरवरून उघडताना सुरू व्हायला बराच वेळ लागतो. ओजीव्ही लगेच सुरू होत असे.

यंत्रवेध (धागाकर्ता)

प्रयोगशाळेचे संगणक निरनिराळ्या पिढ्यांचे असतील तर एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज असलेला एमपी४ घ्यावा. स्थानिक नेटवर्कवर डेटाचा प्रश्न नाही आणि सहाव्या पिढीच्याही मागच्या यंत्रांत एच.२६४ चे हार्डवेअर आहे. पाठांत पडद्यावरची बारीक अक्षरे वाचायची असल्यामुळे चित्राचे मूळ पिक्सेल कमी करू नका आणि फ्रेमचा वेगही मूळचाच राहू द्या.

उशिराचे कारण वेष्टनात आहे. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका, म्हणजे कोणती फ्रेम कोठे आहे याची माहिती, रूपांतर संपल्यावर तयार होते आणि सहसा फाइलच्या शेवटी लिहिली जाते. ब्राउझरला ती हाती आल्याशिवाय पहिले चित्र दाखवता येत नाही, त्यामुळे त्याला आधी फाइलच्या शेपटापर्यंत जावे लागते, आणि सर्व्हर फाइलचा मधलाच तुकडा देत नसेल तर पूर्ण फाइल उतरेपर्यंत थांबावे लागते. हँडब्रेकमध्ये ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ या चौकटीवर खूण केली की ती अनुक्रमणिका फाइलच्या सुरुवातीला येते. जो पाठ आधीच बदलला आहे तो पुन्हा बदलण्याची गरज नाही. एफएफएमपेगमध्ये ‘कॉपी’ हा पर्याय आणि ‘फास्टस्टार्ट’ हा ध्वज देऊन तीच फाइल पुन्हा लिहून घ्या. त्यात चित्राला हात लागत नाही आणि एका पाठाला काही सेकंदच लागतात.